पहाटेची थंडी कोणाला लागते?

दिवाळी आटोपते, आभाळ निरभ्र होतं, उत्तरेचे वारे सुटतात आणि निफाड, जळगाव, धुळे, गोंदिया ही नावं रोज बातम्यांत दिसू लागतात. आपण कपाटातले स्वेटर बाहेर काढतो, चहातलं आलं वाढवतो, हुरड्याचे बेत आखतो. महाराष्ट्रातला हिवाळा बहुतेकांना आवडतो, कारण बहुतेकांची आणि त्याची भेट दुलईतूनच होते.

थंडी मात्र दिवसभर सारखी नसते. आभाळात ढग नसले की जमीन दिवसभराची उष्णता रात्रभर बाहेर सोडत राहते, आणि पारा सगळ्यात खाली येतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. म्हणजे कडाक्याची थंडी पडते ती पहाटे, आपण गाढ झोपेत असताना. त्या वेळी घराबाहेर कोण असतं ते आठवून पाहा. सोसायटीचे वॉचमन, पेपरचे गठ्ठे लावणारी मुलं, दुधाचे क्रेट उतरवणारे, रस्ता झाडणाऱ्या मावशी, मार्केट यार्डातले हमाल, रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देणारा शेतकरी, उसाच्या फडात उतरलेली टोळी, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलेले पेशंटचे नातेवाईक, आणि ज्यांना घरच नाही ते. यातली निम्मी माणसं आपल्या रोजच्या ओळखीची आहेत.

म्हणून या लेखाचं सांगणं एकच आहे. थंडीतली मदत ओळखीच्या माणसापासून सुरू करा आणि ती एका रात्रीवर न थांबवता हंगामभर चालवा. एखाद्या रात्री टेम्पो भरून ब्लँकेटं वाटणंही चांगलंच आहे, पण ते वर्षातून एकदा जमतं. ओळखीच्या एकाची काळजी घेणं कोणालाही रोज जमण्यासारखं आहे. ते कसं करायचं, ते पुढे सांगतो.

आधी विचारा

मदतीची सुरुवात प्रश्नाने करा. "मावशी, थंडीचं काही लागतंय का? काय आणू?" एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. आपल्या मनात शाल असते आणि मावशींना हवे असतात पायमोजे, कारण पहाटेच्या ओल्या रस्त्यावर चपलेतले पाय आधी गारठतात. पेपर टाकणाऱ्या मुलाला जाड जॅकेट नको असतं, सायकलच्या दांडीवर बोटं आखडतात म्हणून हातमोजे हवे असतात. हमालांना अंगावरचं ओझं वाहताना घाम येतो आणि काम थांबलं की तोच घाम गार पडतो. त्यांना बदलायला एक कोरडा सुती बनियन आणि कानटोपी बरी पडते. उन्हातान्हात आणि पाण्यात राबणाऱ्या बायकांच्या टाचांना थंडीत इतक्या भेगा पडतात की त्यांतून रक्त येतं. व्हॅसलिनची एक डबी ही त्यांच्यासाठी खरी भेट असते.

विचारण्याचा दुसरा फायदा असा, की घेणाऱ्याला "नको" म्हणायची मोकळीक राहते. कोणी नको म्हटलं तर आग्रह करू नका. आणि दिलेली वस्तू हातात धरायला लावून फोटो काढू नका. आपला फोटो चार दिवस फिरतो, पण त्या माणसाला त्याच नाक्यावर रोज उभं राहायचं असतं.

पांघरुणाइतकंच अंथरूण महत्त्वाचं

रस्त्यावर किंवा व्हरांड्यात झोपणाऱ्याला आपण हमखास पांघरूण देतो, आणि इथेच काम अर्धं राहतं. फरशी, सिमेंट, डांबर हे सगळं पहाटेपर्यंत गारठून जातं आणि अंगाखालून शरीरातली ऊब सतत ओढून घेतं. वर दोन ब्लँकेटं असली आणि खाली काहीच नसलं, तर माणूस रात्रभर कुशी बदलत राहतो. म्हणून द्यायचंच असेल तर जोडी द्या. खाली घालायला जाड सतरंजी, फोमची चटई, निदान कोरडी पोती किंवा पुठ्ठ्याचे थर, आणि वर पांघरायला काहीतरी उबदार.

फुटपाथवर राहणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. सकाळी हे सगळं ठेवायचं कुठे? मोकळं सोडलं तर चोरीला जातं नाहीतर कचऱ्याच्या गाडीत जातं. म्हणून पांघरुणाबरोबर खांद्याला लावता येईल अशी मजबूत पिशवी द्या. ब्लँकेट गडद रंगाचं आणि दोन दिवसांत वाळेल असं निवडा. स्टेशन आणि मोठी देवळं इथे वाटप पुष्कळ होतं, त्यामुळे तिथे एकाला तीन मिळतात आणि दोन गल्ल्या सोडून पुलाखालच्या कुटुंबाला एकही मिळत नाही. वाटप करायचंच असेल तर आधी एकदा रात्री चक्कर मारून पाहा.

जुने कपडे देताना नियम साधा ठेवा. जे आपल्या भावाला द्यायला संकोच वाटेल ते दुसऱ्यालाही देऊ नका. धुतलेलं, बटणं लावलेलं, चेन चालणारं, घडी घातलेलं असू द्या. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत 'गूंज' ही संस्था सुरू केली आणि कपड्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. गावकरी आपल्या गावासाठी विहीर खोदतात, रस्ता करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून त्यांना कपडे मिळतात. त्यात कोणी याचक राहत नाही. गुप्ता यांना २०१५ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हीच गोष्ट आपल्याकडे गोधडीने साधता येते. घरात चार-सहा जुन्या सुती साड्या आणि धोतरं पडलेली असतातच. गावात, वस्तीत गोधडी किंवा वाकळ शिवणारी एखादी आजी, काकू शोधा. ती साड्यांचे थर एकावर एक अंथरते, चारही कडा दाबून घेते आणि बाहेरून आत धावदोरा घालत जाते. एकेक टाका बोटभर, ओळीला ओळ लागून. या ओळींमुळे थर सरकत नाहीत आणि त्यांच्यात हवा अडकून राहते. गोधडीची ऊब त्या हवेतच असते. शिवणाऱ्या बाईंना ठरवून, घासाघीस न करता पूर्ण मजुरी द्या. एका गोधडीत तिला काम मिळतं आणि कोणाला तरी वर्षानुवर्षं टिकणारं पांघरूण मिळतं.

वॉचमनची केबिन

आपल्या सोसायटीची केबिन एकदा रात्री जाऊन पाहा. पत्र्याच्या भिंती, खिडकीची एक काच फुटलेली, प्लास्टिकची खुर्ची, पायांभोवती गुंडाळलेलं पोतं आणि कोपऱ्यात विझत आलेली शेकोटी. यावर लागणारा खर्च फार नाही. फुटलेली काच बसवा, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा, पायांखाली लाकडी पाट किंवा जाड मॅट द्या, चहासाठी थर्मास ठेवा. मीटिंगमध्ये हा विषय मांडा आणि सोसायटीच्या खर्चातून करा, म्हणजे ते कोणाचे उपकार राहत नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांना बसून समजावून सांगा. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा पेटती घमेली ठेवून कधीही झोपायचं नाही. जळण अर्धवट जळतं तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो. शेकोटी उघड्यावरच हवी आणि झोपण्याआधी ती पाणी घालून पूर्ण विझवायला हवी. प्लास्टिक, टायर, रबर जाळू नये. शक्य असेल तर वाळक्या लाकडांचा भारा आपणच आणून द्या, म्हणजे कचरा जाळायची वेळ येत नाही.

रस्त्यात पडलेला माणूस

पहाटे फुटपाथवर कोणी वेडावाकडा पडलेला दिसला की आपण "प्यायलाय" म्हणून पुढे जातो. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की माणूस असाच दिसतो. जीभ जड होते, तोल जातो, बोलण्यात संगती राहत नाही, ग्लानी येते. आधी हुडहुडी भरते, पण स्थिती बिघडली की तीही थांबते, आणि ते जास्त धोक्याचं असतं. तो खरंच प्यायलेला असला तर धोका वाढतोच, कारण दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब झपाट्याने निघून जाते.

अशा वेळी थांबा. हाक मारा, खांद्याला हात लावून पाहा. प्रतिसाद विचित्र असेल किंवा नसेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवा. तोवर त्याला वाऱ्यापासून आडोशाला घ्या, ओले कपडे काढून कोरडं काही गुंडाळा, डोकं आणि कान झाका, अंगाखाली पुठ्ठा किंवा पोतं सरकवा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम चहा घोटघोट द्या. हातपाय जोरात चोळू नका, शेकोटीला अगदी चिकटवून बसवू नका, दारू तर मुळीच देऊ नका.

आपल्या शहरातलं बेघर निवारा केंद्र कुठे आहे, हे थंडी पडण्याआधी दिवसा जाऊन पाहून ठेवा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायम निवारा अपेक्षित होता. तिथे बायका आणि मुलांसाठी वेगळी सोय आहे का, रात्री किती वाजेपर्यंत आत घेतात, कागदपत्रं मागतात का, हे विचारून घ्या. मग कोणाला सांगायची वेळ आली तर नुसता पत्ता न देता सोबत जाता येतं. एकट्या मुलासाठी १०९८ आणि निराधार वृद्धासाठी १४५६७ हे क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा.

रानातली रात्र

गावाकडच्या वाचकांना थंडीचा हा चेहरा चांगला माहीत आहे. गव्हाला, कांद्याला, हरभऱ्याला पाणी याच दिवसांत लागतं आणि शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. चिखलात पाय रोवून एकट्याने दारं धरायची, साप-विंचवाची आणि बिबट्याची धास्ती वेगळीच. इथे शेजाऱ्यांनी मिळून वेळापत्रक करावं. आज तुझ्या बांधावर मी, उद्या माझ्या बांधावर तू. दोघं असले की बोलणं होतं, बॅटरी फिरती राहते आणि कोणी घसरून पडलं तर कळतं तरी. गमबूट आणि डोक्याला लावायची बॅटरी दोन घरांत मिळून घेतली तरी चालते.

ऊसपट्ट्यातल्या गावांना तर दारातच संधी असते. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतून टोळ्या येतात आणि पाच-सहा महिने पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात. अंधारातच तोड सुरू होते. तान्ही पोरं फडाच्या कडेला झोळीत असतात, आणि गाडी रात्री आली तर मोळ्या वाहणंही रात्रीच. या माणसांसाठी करण्यासारखं बरंच आहे. मळ्यातल्या मोटरीचं पाणी त्यांना भरू द्या. बायकांना आडोशाची मोरी आणि संडास वापरू द्या. गरम पाण्याचा हंडा दिवसाआड जरी मिळाला तरी बाळंतिणीला आणि लहान मुलांना आधार होतो. कोपीच्या जमिनीवर पाचटाचा जाड थर आणि वर ताडपत्री अंथरायला द्या.

काही वेळा माहिती सांगणंही मोठी मदत असते. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे त्यांना तुमच्या गावच्या दुकानातूनही आपलं धान्य घेता येतं. त्यांच्या मुलांना आणि गरोदर बायकांना तुमच्या गावच्या अंगणवाडीचा लाभ मिळतो. हे त्यांना सांगा आणि पहिल्या दिवशी सोबत जा. नव्या गावात एकट्याने खिडकीशी उभं राहायला माणूस कचरतो.

रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांनीही एवढं करावं. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्री, पहाटेच्या धुक्यात दिसत नाहीत. चमकणाऱ्या पट्टीचं एक बंडल घेऊन आपल्या शिवारातून जाणाऱ्या गाड्यांना मागून आणि बाजूंनी पट्ट्या चिकटवून द्या. समोरून गाडी आली की दिवे खाली करा, मागून हॉर्न वाजवत बैलांना बुजवू नका.

घरातले आणि शेजारचे म्हातारे

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. ज्यांना हृदयाचा, दम्याचा, सांध्यांचा त्रास आहे त्यांना हे महिने जड जातात. आपल्या घरातल्या आणि शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी काही साध्या गोष्टी ठरवून टाका. पहाटेचं फिरणं सूर्य वर आल्यावर करा म्हणून सांगा, आणि जमेल तेव्हा आपणच बरोबर जा. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात का ते पाहा. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर खिडकी उघडी राहते का ते तपासा. बंद न्हाणीघरात तोही शेगडीसारखाच जीवघेणा ठरतो. निसरड्या फरशीवर रबरी मॅट घाला.

आणि सकाळी एक नजर टाका. दाराला लावलेली दुधाची पिशवी नऊ वाजले तरी तशीच असेल तर बेल वाजवा. "आजी, आल्याचा चहा टाकलाय, येता का?" असं म्हटलं की चौकशीही होते आणि त्यांना ओझंही वाटत नाही. गच्चीत कोवळ्या उन्हात एक खुर्ची मांडून ठेवली तर म्हातारी माणसं खाली-वर बोलती होतात. थंडीत लवकर अंधारतं, माणसं लवकर दारं लावतात, आणि एकटेपणा वाढतो. त्यावर अर्धा तास गप्पांइतकं चांगलं औषध नाही.

सणांना हाताशी धरा

आपल्या परंपरेत या कामाची सोय आधीच आहे. मार्गशीर्ष-पौषात, संक्रांतीपर्यंतच्या धनुर्मासात पहाटे उठून गरम मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि लोण्याचा गोळा असं जेवायची रीत आहे. या धुंधुरमासाच्या पंगतीला एका पहाटे वॉचमनकाकांना, झाडलोटीच्या मावशींना, दूधवाल्या दादांना बोलवा. त्यांच्या हातात डबा न देता आपल्याबरोबर बसवा. ज्यांची पहाट रोजच जागी असते त्यांच्याइतका या जेवणाचा मान दुसऱ्या कोणाचा?

भोगीच्या भाजी-भाकरीचंही तसंच करता येतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी पायमोजे, कानपट्टी, व्हॅसलिन द्या, आणि घरकाम करणाऱ्या ताईंना बायकांच्या त्याच बैठकीत बोलवा. विधवा बहिणींनाही आवर्जून बोलवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या घरापुरता हा निर्णय घ्यायला तर ठरावाचीही गरज नाही.

२० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी, ऐन थंडीतली. बाबांच्या दशसूत्रीत अन्न आणि पाण्यानंतर लगेच वस्त्र येतं. दूरगावाहून आलेल्यांना रात्री टेकायला जागा हवी म्हणून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. त्या दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. पेशंटच्या एखाद्या नातेवाइकाला विचारा, "दादा, दोन तास मी बसतो इथे, तुम्ही जरा पडता का?" वस्तू देणारे पुष्कळ भेटतात, आपली झोप देणारे कमी.

मुकी जनावरं

सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. इंजिनाच्या उबेला मांजरं आणि पिल्लं आत शिरून बसलेली असतात. पार्किंगच्या एका कोपऱ्यात जमिनीपासून जरा वर पोतं टाकून ठेवा. गोठ्याच्या उत्तरेकडच्या बाजूला पोत्यांचा पडदा लावा, वासरांच्या आणि करडांच्या पाठीवर पोत्याची झूल घाला. संक्रांतीच्या पतंगांच्या मांजात पक्षी अडकतात; नायलॉन मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. तो आपल्या मुलांच्या हाती येऊ देऊ नका. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्याच मुलांना घेऊन झाडांवर, तारांच्या आसपास आणि रस्त्यावर लोंबणारा मांजा जपून गोळा करा. विजेच्या तारांवर अडकलेल्याला मात्र हात लावू नका, त्यासाठी वीज कंपनीला कळवा.

कुठून सुरू करायचं?

हे सगळं एका घराने करायचं नाही, आणि करू म्हटलं तर आठवड्यातच दमछाक होईल. वर सांगितलेल्यांपैकी एक माणूस निवडा, जो तुम्हाला रोज दिसतो. या आठवड्यात त्याला नाव विचारा आणि काय हवं ते विचारा. पुढच्या आठवड्यात ते आणून द्या. मग दर पंधरा दिवसांनी चौकशी करा. मोजे फाटले का, खोकला कमी झाला का, घरी पोरांकडे पांघरूण आहे का. माघ संपेपर्यंत एवढं चालू ठेवलंत तर पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही. कोणाला काय लागतं ते तुम्हाला ठाऊक असेल, आणि गोधड्या शिवायला टाकायचं काम तुम्ही दसऱ्यालाच उरकलेलं असेल.